आधी आपल्या घराचा न्याय

ख्रिस्ती धर्मातल्या शेवटच्या काळाविषयी बोलणे निघाले की बहुतेकांना प्रकटीकरणाच्या पुस्तकातली चित्रे आठवतात: सात शिक्के, सात कर्णे, समुद्रातून वर येणारे श्वापद, अग्नीचे सरोवर. त्यानंतर आठवतात ती तारखा जाहीर करणारी माणसे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरून ख्रिस्ताची वाट पाहिली, तो दिवस कोरडा गेला, आणि त्या निराशेतून पुढे ॲडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला. पुण्याच्या स्पायसर कॉलेजमुळे तो पंथ मराठी माणसाला नावाने तरी ओळखीचा आहे. पण एखाद्या प्रदेशात ही शिकवण कशी रुजली हे तारखांवरून कळत नाही. ती शिकवण ऐकणाऱ्यांनी तिचे रोजच्या जगण्यात काय केले ते पाहावे लागते. आज भिलाईचे पोलाद ज्या छत्तीसगडात तयार होते तिथला दीडशे वर्षांचा ख्रिस्ती इतिहास या दृष्टीने वाचला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. तिथे शेवटच्या न्यायाची शिकवण जगाच्या अंताची दवंडी म्हणून फारशी टिकली नाही. मंडळीने आधी आपल्याच घराची झडती घ्यावी, या रूपात ती टिकली. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हाच विचार आहे: देवाचा न्याय सुरू होतो तो देवाच्या घरापासून. छत्तीसगडातल्या मंडळ्यांनी हे वचन किती प्रामाणिकपणे पाळले आणि कुठे ते वाकवले, हा या लेखाचा विषय आहे.

मिशनरी आले तेव्हा हा प्रदेश भविष्याच्या आशेपासून रिकामा नव्हता. भोसल्यांच्या राज्यात, १८२० ते १८३० च्या सुमारास, गिरौदच्या घासीदासांनी सतनाम पंथ उभा केला. बिलासपूरचा जमाबंदी अधिकारी चिझम याने १८६८ च्या अहवालात नोंदवलेली हकिगत या संदर्भात फार मोलाची आहे. घासीदास सोनाखानच्या जंगलात निघून गेले आणि सहा महिन्यांनी गिरौदला जमा, असा निरोप त्यांनी अनुयायांना दिला. ठरल्या दिवशी लोक लोटले आणि पहाटे डोंगरावरून उतरताना घासीदास त्यांना दिसले. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे: देव एक, त्याचे नाव सतनाम, मूर्तीची गरज नाही, माणसे सारखी. म्हणजे नेमलेला दिवस, वाट पाहणारा समुदाय आणि वरून येणारा संदेश या तिन्ही गोष्टी या मातीत बायबल पोहोचण्याआधी घडून गेल्या होत्या. त्यातही दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात. ठरलेला दिवस कोरडा गेला नाही, आणि त्या दिवशी जग संपले नाही. त्या दिवसापासून काय खायचे, काय प्यायचे आणि कोणासमोर वाकायचे, याचे नियम सुरू झाले. मांस, दारू, तंबाखू वर्ज्य झाली. भंडारच्या गुरुगादीचे प्रतिनिधी, म्हणजे भंडारी आणि साटीदार, गावोगाव नेमले गेले. आशेचे रूपांतर आचारात होण्याची ही रीत पुढे ख्रिस्ती मंडळीतही दिसते, आणि माझ्या मते तो निव्वळ योगायोग नाही.

१८६८ साली ऑस्कर लोर रायपूरला आला. तो जर्मन. आधी छोटा नागपुरात गॉसनर मिशनमध्ये काम करून १८५७ च्या धामधुमीनंतर अमेरिकेला गेलेला. न्यूयॉर्कमध्ये १८६५ साली स्थापन झालेल्या जर्मन इव्हँजेलिकल मिशन सोसायटीने त्याला पाठवले होते. मूर्ती न मानणारे, एकच देव मानणारे लाखो सतनामी इथे आहेत हे कळल्यावर त्याची आशा किती उंचावली असेल याची कल्पना करता येते. त्या काळच्या मिशनरी विचारात देवाचे राज्य हे शेतातल्या उभ्या पिकासारखे मानले जाई: काळ भरत आला आहे, राष्ट्रेच्या राष्ट्रे आत येतील आणि मग शेवट होईल. भंडारच्या गुरुघराण्याने लोरचे स्वागत केले तेव्हा अख्खा पंथच ख्रिस्ताकडे येणार, असे मिशनला वाटले. तसे झाले नाही. थोडी कुटुंबे आली, बाकीचे सतनामी आपल्या गुरूपाशीच राहिले. मिशनच्या लिखाणात आणि धर्मांतरितांच्या आठवणीत मात्र पुढे एक कथा वाढत गेली. एक गोरा माणूस येईल आणि तो खरा मार्ग दाखवील, असे घासीदासांनीच सांगून ठेवले होते, अशी ती कथा. इतिहास म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. घासीदासांच्या हयातीतला तिचा पुरावा नाही. तरी ती महत्त्वाची आहे, कारण भाकिताची पूर्तता ती भविष्यातून काढून भूतकाळात नेऊन ठेवते. येणारा येऊन गेला. आता प्रश्न उरतो तो आपण कसे वागायचे याचा.

या प्रश्नाचे उत्तर बिश्रामपूरला मिळते. रायपूर-बिलासपूर रस्त्यालगत मिशनने सुमारे दीड हजार एकर पडीक जमीन घेतली आणि तिथे ख्रिस्ती झालेल्यांचे गाव वसवले. मिशनरी तिथला पाळक होता आणि मालगुजारही, म्हणजे गावाचा जमीनमालकही, होता. जमीन त्याची, बैल घ्यायला उचल त्याची, शाळा त्याची, दवाखाना त्याचा, आणि रविवारी व्यासपीठही त्याचेच. १८९० साली बिश्रामपूरच्या कलीसियेसाठी, म्हणजे मंडळीसाठी, खास आज्ञांची एक हिंदी पुस्तिका निघाली. लग्न, वर्तन, जुन्या जातीशी संबंध अशा बाबींतले नियम आणि ते मोडणाऱ्याची शिक्षा असा तिचा रोख होता. दोषी ठरलेल्याला प्रभुभोजनाच्या पंक्तीतून आणि पुढे मंडळीतून दूर ठेवले जाई. प्रोटेस्टंट परंपरेत त्या पंक्तीला शेवटच्या न्यायाशी जोडणारा धागा जुना आहे. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल बजावतो की त्या भाकरीला हात लावण्यापूर्वी जो स्वतःचा न्याय करील त्याच्यावर पुढचा न्याय ओढवणार नाही. बिश्रामपूरच्या शेतकऱ्यासाठी शेवटचा दिवस आकाशातल्या खुणांत नव्हता. येत्या रविवारी आपल्याला पंक्तीत बसू देतील की नाही, यात तो होता.

इथे एक आक्षेप साहजिक आहे. ही तर जातपंचायतच झाली. तिला ख्रिस्ती नाव दिले, इतकेच. वाळीत टाकणे, दंड, पुन्हा घेणे, हे सगळे सतनाम्यांच्या भंडारीकडेही होते. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे आणि तो मान्य करायला हवा. मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, चौकशी करण्याची पद्धत जातीच्या पंचांकडूनच घेतली, यात शंका नाही. पण पद्धत सारखी म्हणून अर्थही सारखा, असे होत नाही. जातीच्या पंचायतीपुढे प्रश्न असतो तो बाटण्याचा आणि समूहाच्या इभ्रतीचा. तिच्या वर अपील नाही. मंडळीच्या न्यायाला तिच्याच शिकवणीने एक मर्यादा घातलेली होती. तिचा निकाल तात्पुरता आहे, खरा न्यायाधीश अजून यायचा आहे, आणि तो आला की निकाल देणाऱ्यांचाही न्याय करील. ही मर्यादा कागदावर होती असे कोणी म्हणेल. ती वापरली गेली याचा पुरावा मात्र पुढच्या पिढीत मिळतो. १९३० च्या सुमारास मंडळीने स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून मिशन हात आखडता घेऊ लागले तेव्हा बिश्रामपूरच्या लोकांनी मिशनऱ्यालाच जाब विचारला. तुम्ही मायबाप म्हणवून घेतलेत, मग मायबापाचे कर्तव्य कुठे गेले, असा त्या वादाचा सूर होता. जातीच्या गुरूला शिष्याने असे उभे करणे अवघड. ज्या घरापासून न्याय सुरू होतो त्या घरात घरमालकही येतो, हे त्यांना कळले होते.

यापेक्षा गंभीर आक्षेप धर्मशास्त्रातूनच येतो, आणि मला तो अधिक छळतो. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात गव्हातल्या निदणाचा दाखला आहे. शत्रूने निदण पेरले, चाकर ते उपटायला निघाले, आणि धन्याने त्यांना थांबवले: गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्टांशी झालेल्या वादात ऑगस्टीनने हाच दाखला पुढे केला. शुद्धांचीच मंडळी हवी असा हट्ट धरणारे लोक देवाचे शेवटच्या दिवसाचे काम आजच हाती घेतात, असे त्याचे म्हणणे होते. मग बिश्रामपूरच्या आज्ञा म्हणजे तेच नव्हे का? काही बाबतींत होय, आणि त्याची किंमत स्त्रियांनी मोजली. छत्तीसगडच्या कष्टकरी जातींत चूडी नावाची रीत होती. नवऱ्याशी पटेनासे झाले तर बाई दुसऱ्याच्या हातच्या बांगड्या भरून त्याच्या घरी जाई आणि समाज ते लग्न मानी. मिशनऱ्यांनी ते व्यभिचारात काढले. जी वाट तिला मारकुट्या नवऱ्यापासून सोडवत होती तीच आता तिला मंडळीबाहेर नेऊ लागली. त्या घरातल्या बाईचा छळ हे पाप आहे की नाही, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. आणि मुद्दा एवढ्यावर थांबत नाही. पेत्राचे वचन देवाच्या घराचा न्याय म्हणते तेव्हा घरातल्या दुबळ्यांचा न्याय म्हणत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाधीश उपाशी, परका, उघडा, तुरुंगातला यांना तुम्ही काय दिलेत, हे विचारतो. पंक्तीत कोण बसले याची मोजदाद तो करत नाही. बिश्रामपूरने आपली झडती घेतली हे खरे; पण ती घेताना पुष्कळदा चुकीच्या खोलीत घेतली.

दुष्काळाचा पुरावा याच संदर्भात पाहायला हवा, कारण शेवटच्या काळाच्या कल्पनेला सगळ्यात सुपीक जमीन दुष्काळच देतो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. मागोमाग पटकीची साथ. प्रकटीकरणातल्या काळ्या घोड्यावरच्या स्वाराच्या हाती तराजू आहे आणि धान्य रोजमजुरीच्या भावाने तोलले जाते. छत्तीसगडच्या बाजारात तेव्हा याहून वेगळे काही चालले नव्हते. अंताची घोषणा करायला एवढे पुरेसे होते. पण त्या काळातले मिशनचे काम पाहिले तर दिसतात ती अनाथालये, शिधा, रस्ते आणि तळी खोदण्याची कामे. १८९९ साली अमेरिकन मेनोनाइट मिशन धमतरीला आले ते दुष्काळाच्या तोंडावरच, आणि त्याची सुरुवात भुकेल्यांना अन्न देण्यातून आणि अनाथ मुले सांभाळण्यातून झाली. मेनोनाइट हे सोळाव्या शतकातल्या ॲनाबॅप्टिस्टांचे वारस. १५३४-३५ साली म्युन्स्टर शहरात काही ॲनाबॅप्टिस्टांनी तलवारीच्या जोरावर देवाचे राज्य आजच उभे करायचा प्रयत्न केला आणि त्याचा शेवट रक्तपातात झाला. त्यानंतर मेनो सिमन्सने विखुरलेल्या लोकांना शस्त्र टाकून शिस्तीच्या मंडळीकडे वळवले. म्हणजे धमतरीला आलेली परंपराच अंताच्या घाईने पोळलेली होती. संकट दिसले की भाकीत न करता भाकरी द्यायची, हा तिचा मोठा गुण. (१९०६ मध्ये याच मिशनने बालोदगहान हे गाव मालगुजारीने घेतले आणि बिश्रामपूरचा पेच स्वतःच्या अंगावर ओढवून घेतला.)

त्याच दुष्काळाचा एक धागा महाराष्ट्रात येतो. १८९६-९७ मध्ये पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि तिथल्या सुमारे तीनशे मुली-बायकांना त्यांनी पुण्याकडे आणले. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून आकाराला आले. १९०५ च्या जून महिन्यात तिथे जे आत्मिक उज्जीवन झाले त्याची नोंद जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात घेतली जाते. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये लिहिलेली पुस्तिका चिलीत पोहोचली आणि तिथल्या मेथडिस्ट मंडळीत १९०९ साली तशीच चळवळ उठली. या चळवळीची भाषा शेवटच्या काळाची होती: योएल संदेष्ट्याने सांगितलेला कापणीआधीचा पाऊस आता पडतो आहे, प्रभू लवकरच येणार आहे. परंतु केडगावात प्रत्यक्ष काय घडले? मुलींनी आपापली पापे उघड बोलून दाखवली, एकमेकींची क्षमा मागितली, तासन्‌तास प्रार्थना केली आणि मग टोळ्या करून आसपासच्या गावांत उपदेशाला गेल्या. दुष्काळ पाहिलेल्या, आईबाप गमावलेल्या या मुलींना जगाचा नाश ही नवी बातमी नव्हती. त्यांच्यासाठी नवे होते ते असे, की आपलेही काही चुकले असेल तर ते आपणच सांगू शकतो आणि आपले सांगणे कोणी ऐकून घेते. बिश्रामपूरला झडती वरून झाली, केडगावला ती आतून झाली, आणि हा फरक लहान नाही.

आता भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आसपासचे गावकरी सुरुवातीला कारखान्याच्या नोकरीला बिचकत. भट्टीला माणसाचा बळी लागतो, अशी कुजबुज होती. कामगार आले ते देशभरातून, आणि त्यांच्याबरोबर केरळच्या मंडळ्या आल्या: ऑर्थोडॉक्स, मार थोमा, पेंटेकॉस्टल. सुरियानी परंपरेत उपासना पूर्वेकडे तोंड करून होते, कारण मनुष्याचा पुत्र पूर्वेकडून येईल अशी श्रद्धा आहे. दर आठवड्याला शरीर त्या दिशेला वळते, आणि तारीख मात्र कोणी सांगत नाही. तारीख सांगण्याचा धडा केरळने आधीच घेतला होता. चर्च मिशनरी सोसायटीतला, ब्राह्मण घराण्यातून आलेला पाद्री जस्टस जोसेफ याने १८७५ च्या सुमारास सांगितले की ख्रिस्त सहा वर्षांत, १८८१ मध्ये येईल. लोक त्याच्यामागे गेले, साल उलटले, आणि उरलेल्यांनी भाकीत वेगळ्या रीतीने पूर्ण झाले असे मानून युयोमयम नावाचा स्वतंत्र पंथ केला.

यावर कोणी म्हणेल की माझा युक्तिवाद इथे ढासळतो. आज अनेक पेंटेकॉस्टल व्यासपीठांवरून मंडळी आकाशात उचलली जाणार, मग महासंकट येणार, अशी शिकवण जोमाने दिली जाते. दिली जाते, हे खरे. ती एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी याच्या प्लिमथ ब्रदरन गटातून निघाली, १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांनी जगभर पसरली, आणि ब्रदरन मार्गाने केरळातही रुजली. तिच्यावर माझा आक्षेप हा की ती मंडळीला न्यायातून वगळते. संकट बाहेरच्यांवर येणार, आपण आधीच वर गेलेलो असणार. पेत्राचे वचन याच्या नेमके उलट दिशेने चालते. पण व्यासपीठ आणि सभासदाचे आयुष्य यांत अंतर असते. उचलले जाण्याची वाट पाहणारा माणूस दारू सोडतो, उसने पैसे परत करतो, भावाशी तुटलेले बोलणे सुरू करतो, कारण तो दिवस आज रात्रीही येऊ शकतो. शिकवण काहीही म्हणो, तयारी घरातच करावी लागते.

भिलाई उभी राहत होती त्याच वर्षांत जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीत, नागपुरात, ख्रिस्ती मंडळीची झडती दुसऱ्याच कोणी घेतली. निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ मध्ये मिशनरी कार्याच्या चौकशीची समिती नेमली गेली, तिने ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि १९५६ मध्ये अहवाल दिला. धर्मप्रसारामागे जागतिक ख्रिस्ती सत्ता पुन्हा उभी करण्याचे धोरण आहे, असा तिचा निष्कर्ष होता. १९६८ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याला त्या अहवालाची पार्श्वभूमी आहे. ख्रिस्ती बाजूने उत्तर दिले गेले की देवाचे राज्य या जगाचे नाही. ते उत्तर सुवार्तेला धरून होते, पण पुरेसे नव्हते. ज्या मंडळीने गावे विकत घेतली, खंड वसूल केला आणि कुळावर पाळकाचा हुकूम चालवला, तिचे राज्य या जगाचे नाही हे शेजाऱ्याला पटणार कसे? समितीचा निष्कर्ष मला अन्याय्य वाटतो, कारण गरीब कुळाची श्रद्धा तिने परक्या कटाचा भाग करून टाकली. तरी तिच्या संशयाला मालगुजारीने खाद्य दिले, हे नाकारता येत नाही. दुःख असे की याच धर्तीची टीका मिशनच्या मातृसंस्थेतूनही उठली. पुढे बिश्रामपूर चालवणाऱ्या अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल सिनडमध्येच राइनहोल्ड नीबर घडला. तिथे १९१५ मध्ये दीक्षा घेतलेल्या या विचारवंताने पुढे आयुष्यभर मांडले की देवाचा न्याय राष्ट्रांच्या गर्वावर पडतो तसा धार्मिक संस्थांच्या गर्वावरही पडतो, आणि स्वतःला निर्दोष समजणारी संस्था त्यात सर्वांत आधी सापडते.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. त्यामुळे भिलाईत जमलेल्या मंडळ्या छत्तीसगडच्या ख्रिस्ती इतिहासात एका अर्थाने नव्या होत्या: त्यांच्या सभासदाची भाकरी मिशनच्या हाती नव्हती. पगार कारखान्याचा, क्वार्टर कारखान्याचे, मुलांची शाळाही कारखान्याची. एखाद्या वडिलाने सभासदाला प्रभुभोजनापासून दूर ठेवले तरी त्याचे शेत जात नाही, बैलाची उचल थांबत नाही. त्याला हवे तर तो पुढच्या रविवारी दुसऱ्या प्रार्थनास्थळी जाऊन बसू शकतो. शिस्त ढिली झाली अशी तक्रार यातून निघते, आणि जुन्या पद्धतीची आठवण काढणारे बिश्रामपूरच्या काळाकडे बोट दाखवतात. मला ही तक्रार पटत नाही. शेताच्या भीतीने झालेला पश्चात्ताप मालगुजारापुढचा होता की देवापुढचा, हे बिश्रामपूरला कधीच वेगळे करता येत नव्हते. भिलाईत ते वेगळे करता येते. इथे जो कोणी उठून आपले चुकले म्हणतो, त्याला ते म्हणायला लावण्याचे साधन मंडळीच्या हाती राहिलेले नाही; आणि घरात रोज मार खाणारी बाई नवरा सोडून निघाली, तर तिला दोषी ठरवण्याआधी वडिलांना तिच्या नवऱ्याचे नाव घ्यावे लागेल, कारण तिला थांबवून ठेवणारी जमीन आता त्यांच्याकडे नाही.